मशीननं न खाल्लेली टेप

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या महाविद्यालयाच्या माननीय प्राचार्या पद्मिनी मॅडम. व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे सन्माननीय सदस्य, ज्यांची नावं मला एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती आणि ती चिठ्ठी मी घरी चष्म्याच्या डबीत ठेवून आलो. अध्यापकवर्ग, कार्यालयातली मंडळी, विद्यार्थी आणि विद्यार्थिनी. पहिल्या रांगेत बसून आत्ताच पहिली जांभई दिलेले आमचे मुनाफभाई. आणि ज्याच्यासाठी आपण सगळे या वाचनकक्षात दाटीवाटीनं बसलो आहोत तो आजचा सत्कारमूर्ती, ग्रंथपाल इसहाक वांगडे. इसहाक सर म्हणायला हवं, पण ज्याला मी तबूकच्या थंडीत दोन लुंग्या एकावर एक नेसून अरबी चहासाठी रांगेत उभा असलेला पाहिलाय, त्याला सर म्हणताना जीभ वळत नाही. सभागृहानं समजून घ्यावं.

मी जमालुद्दीन परकार. शिक्षण नववी, तीही दोनदा. बाजारपेठेत पुलाच्या अलीकडे फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. या कॉलेजातले निम्मे पंखे माझ्यामुळे फिरतात आणि उरलेले निम्मे माझं न ऐकल्यामुळे फिरत नाहीत. माझ्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर का बोलावलं, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. तर अनुष्का आणि उमामा या इथल्या दोन विद्यार्थिनी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘चाचा, सरांबद्दल सगळे चांगलंच बोलणार आहेत. खरं बोलणारं कोणीतरी पाहिजे.’ आता असं म्हटल्यावर माणूस काय करणार?

मॅडमनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मॅडम, दहा मिनिटांत मी साधा गॅससुद्धा भरत नाही. पण प्रयत्न करतो.

बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर माझा धीर सुटेल. ही जी पिशवी मी घट्ट धरून उभा आहे, तिच्यात एक वस्तू आहे. ती इसहाकला द्यायची आहे. द्यायला तेहतीस वर्षं उशीर झालाय. दिल्यावर तो माझ्याशी बोलेल की नाही, हे मला माहीत नाही. रोज संध्याकाळी तो माझ्या दुकानात येतो, एका मोडक्या कूलरवर बसतो आणि मी पाना फिरवत असताना मला पेपर वाचून दाखवतो. उद्यापासून तो कूलर रिकामा राहिला तर त्याला जबाबदार मी. एवढं लक्षात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

आता या मुलांच्या चित्रपट महोत्सवाबद्दल. आपल्या तालुक्यात आजवर आंबा महोत्सव झाला, कोळंबी महोत्सव झाला. गेल्या फेब्रुवारीत याच खोलीत क्विअर चित्रपट महोत्सव झाला. म्हणजे पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, आणि देवानं दिलेलं शरीर एक आणि आतला माणूस वेगळा, अशा सगळ्यांचे सिनेमे. हे मला उमामानं समजावलं. मी म्हटलं, ‘बाय, एवढं सगळं दोन दिवसांत बसेल?’

अर्जाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण मॅडम समोर असताना सांगण्यात वेगळी मजा आहे. मुलांनी सभागृह मागितलं. अर्ज परत आला, शेरा होता : ‘विषय नीट कळत नाही.’ मुलांनी दोन पानं लिहून विषय नीट समजावला. अर्ज परत आला, शेरा होता : ‘विषय कळला.’ मॅडम, हसू नका, सही तुमचीच आहे.

मग दोघी रडकुंडीला येऊन ग्रंथालयात गेल्या. इसहाकनं कपाटातून ग्रंथालयाची जुनी नियमावली काढली. वाळवीनं अर्धी खाल्लेली. पण देवाच्या कृपेनं वाळवीनं एक नियम सोडला होता : ‘वाचनकक्षात ग्रंथपालाच्या सहीने शैक्षणिक चित्रफिती दाखवता येतील.’ इसहाकनं चष्मा पुसला, सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला. निवृत्तीला तीन महिने राहिलेले.

त्या संध्याकाळी दुकानात मी त्याच्यावर चांगलाच तडकलो. म्हटलं, ‘अरे, तुला वेड लागलंय का? तीन महिने गप्प बस, शाल घे, नारळ घे आणि घरी ये. या वयात कशाला आग्यामोहोळाला दगड मारतोस? चौकशी लावतील तुझी.’ तो पेपराची घडी घालत शांतपणे म्हणाला, ‘जमाल, एकदा एक पिक्चर मशीननं खाल्ला. ती अल्लाची मर्जी. आता हा मी स्वतःच्या हातानं कसा खाऊ?’

माझ्या हातातला पाना खाली पडला. त्याला वाटलं, म्हातारा झालोय. पण पाना का पडला ते सांगायचं तर मला तुम्हाला तबूकला न्यावं लागेल. मॅडम, पाच मिनिटं झाली असतील तर ती प्रवासात धरा.

तबूक म्हणजे सौदीचा वायव्येचा कोपरा. आपल्याकडच्या लोकांना वाटतं सौदीत नुसती आग. जानेवारीत तिथे नळाचं पाणी दात पाडतं. आमची कंपनी तिथे कोठारं बांधत होती. मी एसी मेकॅनिक, इसहाक स्टोअरचा कारकून, मुनाफभाई मेसचे आचारी. तिघं एका खोलीत. नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेत पडलं तेव्हा घरून पत्र आलं, ‘ताबडतोब निघून या.’ निघून या म्हणे! पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरबी मालकाच्या, तिजोरीत, कफील सुट्टीवर, आणि तिजोरीची चावी कफीलच्या खिशात. बाजारात निघायचं तरी इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात धरून निघायचं, जवळ नसला तर त्या दिवसांत थेट पोलिसांच्या गाडीत घालायचे. आम्ही निघून कुठे जाणार?

जानेवारीच्या सतरा तारखेला लढाई सुरू झाली. डोक्यावरून विमानं सुसाट. काम बंद. कंपनीनं प्लॅस्टिकचे रोल आणि तपकिरी चिकटपट्टी वाटली. हुकूम असा, की विषारी वायू आला तर आत येऊ नये म्हणून मेसच्या सगळ्या खिडक्या बंद करा. वायूचे मुखवटेही वाटले, तिघांत दोन. आता तिघांत दोन मुखवटे म्हणजे काय करायचं? इसहाक पडला कारकून. त्यानं भिंतीवर वेळापत्रक लावलं : शनिवार जमाल आणि मुनाफ, रविवार मुनाफ आणि इसहाक, असं. मुनाफभाई म्हणाले, ‘आणि सद्दामला हे वेळापत्रक कोण कळवणार?’

दुसऱ्याच दिवशी आमचा फ्रेंच इंजिनिअर पळाला. त्याच्या खोलीचा एसी मी उघडून बसलो होतो. तो आला, बॅग भरली, माझ्या हातात चावी दिली, ‘खलास, खलास’ म्हणाला आणि गेला. मागे राहिलं काय? एक कॉफीचं भांडं, एक चप्पल, म्हणजे एकच, आणि नऊ व्हिडिओ कॅसेटी. माझ्याकडे व्हिसीआर होता. रियाधच्या बथा बाजारातून आणलेला, जिवापेक्षा जपलेला. मेसमध्ये टीव्ही होता. खिडक्यांना प्लॅस्टिक लागल्यामुळे भरदुपारी काळोख. म्हणजे बघा, कंपनीनं आम्हाला फुकट थिएटर बांधून दिलं होतं, आणि चाळीस माणसं बिनकामाची, घाबरलेली, एकमेकांच्या अंगावर खेकसत बसलेली. मुनाफभाई म्हणाले, ‘यांना काहीतरी दाखवा रे, नाहीतर लढाई आधी मेसमध्ये होईल.’

असा आमचा महोत्सव सुरू झाला. अनुष्का, उमामा, तुमच्या आधी तेहतीस वर्षं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर पहिला खेळ. नऊ कॅसेटींपैकी आठांत मोटारींच्या शर्यती. नववीवर नुसता तीनचा आकडा. लावली. चित्र आलं काळंपांढरं. खरं म्हणजे पिक्चर रंगीत होता. पण फ्रेंचांची टेप वेगळ्या पद्धतीची, आमच्या मशीनवर तिचे रंग उमटत नव्हते. हे फक्त मला ठाऊक. बाकी कॅम्पला वाटलं, जुना पिक्चर आहे, म्हणजे घरंदाज असणार.

पिक्चर फ्रेंचमध्ये. चाळीस माणसांनी एकदम इसहाककडे बघितलं. का? तर तो बी.ए. होता. बी.ए. झालेल्या माणसाला जगातल्या सगळ्या भाषा येतात, असा कॅम्पचा पक्का समज होता. इसहाकला फ्रेंचमधलं ओ की ठो येत नव्हतं. पण चाळीस माणसं आशेनं बघत असताना नाही कसं म्हणायचं? तो टीव्हीशेजारी उभा राहिला आणि भाषांतर करू लागला.

पिक्चरमध्ये दोन पुरुष. मोठी नदी. एका नावेतून ते गावोगाव पाव विकतात. एक थोराड, एक सडपातळ. इसहाक म्हणाला, ‘हे दोघं मावसभाऊ.’ ठीक. बरोबर पाव भाजतात, एका ताटात जेवतात. ठीक. मग एका रात्री पाऊस लागतो, ते नावेच्या छपराखाली बसतात आणि थोराड माणूस सडपातळ माणसाच्या गालावर हात ठेवतो, आणि चेहरा जवळ आणतो. इसहाक एका ढांगेत टीव्हीसमोर! ‘ट्रॅकिंग बिघडलंय, ट्रॅकिंग बिघडलंय!’ पाठीनं पडदा झाकून बटणं दाबतोय. मी मेकॅनिक माणूस, मशीन माझं. मला ट्रॅकिंग बिघडलेलं दिसलं नाही. पण मी गप्प बसलो. त्या पिक्चरमध्ये ट्रॅकिंग एकूण चार वेळा बिघडलं.

शेवटी ते दोघं धक्क्यावर उभे. सडपातळाच्या हातात पेटी. दोघं रडतायत, म्हणजे असे रडतायत की दगडाला पाझर फुटावा. कोणीतरी ओरडलं, ‘का रडतात रे?’ इसहाक म्हणाला, ‘कफील सही देत नाही. इकामा संपला. त्याला एक्झिट लागली.’

काय सांगू तुम्हाला! एक्झिट म्हणजे परवाना संपवून कायमची घरी पाठवणी, तिची धास्ती सगळ्यांनाच; अख्ख्या मेसनं हुंदका दिला. मलबारी, पठाण, बंगाली, रत्नागिरीचे, सगळे ढसाढसा रडले. हाशम म्हणून आमचा कॅम्पबॉस होता, पगाराच्या दिवशीसुद्धा न हसणारा माणूस, त्यानं डोक्यावरच्या गुत्र्याच्या टोकानं डोळे पुसले. पडदा काळा झाला, संगीत वाजू लागलं, तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. मी बटण दाबून पिक्चर बंद केला आणि सगळे वजूचे हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या गुरुवारी परत तोच पिक्चर, लोकाग्रहास्तव. परत रडारड, परत अजान, परत मी बटण दाबलं. आता भाषांतर दुसऱ्यांदा तसंच्या तसं करायचं म्हणजे खायची गोष्ट आहे का? कोणीतरी विचारलं, ‘नाव कुठल्या रंगाची?’ इसहाकनं सांगितलं, हिरवी. त्याच्या वडलांचा खाडीतला पडाव हिरवा होता. त्या दिवशी रात्रीचे खरकटे टोप घासता घासता मुनाफभाई त्याला म्हणाले, ‘इसहाक, मी तीनदा एक्झिटवर गेलोय. एक्झिट लागली म्हणून माणूस मावसभावासाठी असा रडत नाही.’ इसहाकच्या हातातला टोप तसाच. मुनाफभाईंनी वर न बघता सांगितलं, ‘नको सांगू. पिक्चर चांगला आहे. गुरुवारी परत लाव.’

मुनाफभाई, झोपलात का? तुमचं कौतुक चाललंय.

अक्षरशत्रू आचारी, सही अंगठ्याची, आणि त्याला दोन खेळांत कळलं. मी मात्र तीन गुरुवार घेतले.

तिसऱ्या गुरुवारी मी इसहाकच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, मशीन गरम होत होतं म्हणून. धक्क्यावरचा प्रसंग आला. ‘कफील सही देत नाही’ म्हणताना इसहाकचा आवाज फाटला. चाळीस माणसं पडद्याकडे बघत होती. मी इसहाककडे बघितलं, आणि मला सगळं कळलं. लग्नाचा विषय निघाला की हा उठून का जातो, पत्रांतले मुलींचे फोटो न बघता पाकिटात परत का घालतो, सगळं. कळलं, आणि मी काय केलं? माझी खुर्ची अर्धा फूट बाजूला सरकवली.

एवढंच केलं. शिवी दिली नाही, कोणाला सांगितलं नाही. नुसती अर्धा फूट खुर्ची. त्याला दिसलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. मुनाफभाई चहाचा ट्रे घेऊन आले आणि त्या अर्ध्या फुटात मांडी घालून खाली बसले.

माफ करा, पाणी आहे का?

हां. तर शुक्रवारी सकाळी हाशमचा निरोप आला : ‘ती फ्रेंच टेप घेऊन उद्या माझ्या ऑफिसात ये.’ याला कळलं! आता चौकशी, पोलीस, मशीन माझं, खोली आमची. त्या देशात, त्या दिवसांत, अशा गोष्टीला काय होतं ते मी सांगायला नको. मी मेसचं दार लावलं, टेप मशीनमध्ये घातली, टीव्हीवर जे चाललं होतं ते तिच्यावर भरायला बटण दाबलं. टीव्हीवर चालला होता बुरैद्याच्या खजूर बाजारावरचा माहितीपट. दीड तास. एकेक खजूर निरखून घ्यावा असा.

दुसऱ्या दिवशी हाशमच्या ऑफिसात गेलो. बघतो तर काय! गालिचा अंथरलेला, काहवा, बिस्किटं, आणि त्याचे तीन पाहुणे. एक तर खास खमीस मुशैतहून आलेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकावरून, लढाईच्या दिवसांत! हाशम म्हणाला, ‘यल्ला, लाव. मी यांना सांगितलंय, आयुष्यात असं रडला नसाल.’

त्याला पिक्चर परत बघायचा होता हो! पाहुण्यांना दाखवायचा होता!

लावली टेप. एक माणूस खजुरांच्या जाती सांगतोय. हाशम पहिली दहा मिनिटं धीर धरून बसला. पाहुणे रडायच्या तयारीत रुमाल काढून बसलेले. शेवटी हाशम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘ते दोघं कधी येणार?’ मी म्हटलं, ‘मशीननं टेप खाल्ली.’ त्यानं माझ्यासमोरची बिस्किटांची ताटली उचलली. खमीसवाल्या पाहुण्यानं मात्र खजूर चांगले आहेत म्हणून सांगितलं.

इसहाकलाही मी तेच सांगितलं, मशीननं टेप खाल्ली. मेकॅनिकनं सांगितल्यावर कोण शंका घेणार? डॉक्टरनं माणूस गेला म्हटलं की गेला. तो ‘बरं’ म्हणाला आणि स्टोअरची वही लिहीत बसला. संध्याकाळी जेवला नाही.

आज खरं सांगतो, कारण मुलींनी मला खरं बोलायला बोलावलंय. मी पोलिसांना भ्यालो हे खरं, पण अर्धंच खरं. पोलिसांच्या भीतीनं टेप वाळूत पुरता आली असती. मला ती पुसायचीच होती. ती पुसली की माझा दोस्त पूर्वीसारखा होईल, असं माझ्या नववी नापास डोक्याला वाटलं. मशीननं काही खाल्लं नव्हतं, इसहाक. मी खाल्लं.

आता तुम्ही म्हणाल, मग तेहतीस वर्षं याच्याबरोबर चहा कसा प्यालास? लाज वाटत होती म्हणून प्यालो. पहिली पाच वर्षं लाजेनं, आणि मग सवयीनं, आणि मग तो नसेल तर मला चहा गोड लागेना म्हणून. मशिदीत आम्ही एकाच रांगेत उभे राहतो. त्याची नमाज त्याच्याकडे, माझी माझ्याकडे. कोणाची कबूल होते ते वरच्याला ठाऊक. आजच्या भाषणानंतर मला माझीच जास्त काळजी आहे.

महोत्सवाच्या दिवशी काय झालं, ते तुम्ही इथेच होता म्हणून पाहिलंत. चाळीस खुर्च्या आणि शंभराहून जास्त माणसं. चार गृहस्थ निषेध करायला दारात आलेले. तेवढ्यात आपल्या रिवाजाप्रमाणे वीज गेली. मी जनरेटर घेऊन धावलो. तो सुरू होईपर्यंत मुनाफभाईंनी त्या चौघांना चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत पिक्चर सुरू झाला, आणि चहाचा कप हातात असताना घोषणा कशी द्यायची? दोघं तर शेवटपर्यंत बसले. मॅडम, तुम्हीही ‘फक्त पाहणी करायला’ मागच्या रांगेत बसला होतात. पाहणी करताना पदर डोळ्यांना लावलेला मी जनरेटरशेजारून बघितला आहे.

पिक्चर झाल्यावर अनुष्कानं विचारलं, ‘सर, असा सिनेमा तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात?’ मी आज इसहाकबद्दल जे बोललो ते बोलायचा मला हक्क नसता, जर त्यानं तेव्हा स्वतः माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं नसतं. तो म्हणाला, ‘एक्क्याण्णव साली, तबूकला, चाळीस माणसांबरोबर. मी त्यांना खोटं भाषांतर करून सांगितलं. मीही त्या नावेतलाच आहे, हे सांगायचं राहून गेलं. ते आज सांगतो.’ केवढ्या टाळ्या पडल्या! आणि मग तो म्हणाला, ‘ती टेप पुढे मशीननं खाल्ली. शेवट मात्र लक्षात आहे. ते वेगळे होतात.’

मुलांनी तो पिक्चर शोधायचा चंग बांधला. पण सापडणार कसा? सरांनी वर्णन काय दिलं? फ्रेंच पिक्चर, दोन मावसभाऊ, हिरवी नाव, आणि एकाचा कफील सही देत नाही. जगाच्या पाठीवर कुठल्या यादीत सापडेल हा?

तेव्हा मी घरी गेलो आणि माळ्यावरून हत्यारांची जुनी पेटी काढली. कारण एक गोष्ट मला ब्याण्णव सालीच कळली होती. मेव्हण्याच्या लग्नासाठी कोरी टेप हवी होती म्हणून मी ती तीन नंबरची काढली, खजूर पळवत पळवत शेवटापर्यंत नेली, आणि खजूर संपल्यावर चित्र हललं आणि ती नदी दिसली. पिक्चर पावणेदोन तासांचा होता, खजूर दीड तासाचे. मागे पंधरा मिनिटं शिल्लक होती, धक्क्यानंतरची. पंधरा मिनिटं, जी आपण कोणी कधी बघितलीच नव्हती. मी तिथेच मशीन बंद केलं आणि टेप पेटीच्या तळाशी घातली. इसहाक, तुला सांगायचं तर पुसलेलंही सांगावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही. हा माझा दुसरा गुन्हा, आणि पहिल्यापेक्षा मोठा.

महिन्यापूर्वी ती मी उमामाच्या हातात दिली आणि तिला सगळं सांगितलं. पोरगी माझ्याकडे अशी बघत होती की मी खुर्ची सोडून उभा राहिलो. मग ती टेप मुंबईला घेऊन गेली, कुठून तरी फ्रेंच पद्धतीचं जुनं मशीन शोधलं. दोघींनी फ्रेंच येणाऱ्या बाईंकडून प्रत्येक वाक्याचा अर्थ लावून घेतला आणि खाली मराठी अक्षरं घातली. काल रात्री मला दाखवली आणि टेप परत दिली, तीच या पिशवीत आहे. रंगीत आहे, इसहाक. नाव हिरवी नाही, पिवळी आहे. हळदीसारखी.

मॅडम, चिठ्ठी पाठवू नका, संपवतोच आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल महाविद्यालयाचा मी ऋणी आहे. प्राचार्या मॅडमचे आभार, की महोत्सव झाल्यावर त्यांनी चौकशी लावली नाही, उलट पुढच्या वर्षीसाठी मोठं सभागृह देते म्हणाल्या. शंभर माणसांसमोर म्हणाल्या आहेत, आता मागे फिरता येणार नाही. मुनाफभाईंचे आभार, त्या अर्ध्या फुटात बसल्याबद्दल. आणि या मुलामुलींचे, की जे आम्ही प्लॅस्टिक लावून अंधारात बघितलं, ते त्यांनी खिडक्या उघड्या ठेवून दाखवलं.

भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची रीत आहे. सगळे म्हणतात, आणि कोणाचं काही चुकलेलं नसतं. माझं चुकलंय. बाकीच्या सभागृहानं माझ्या भाषेबद्दल, वेळेबद्दल माफ करावं. इसहाक, तू टेपेबद्दल करावंस. जमेल तेव्हा. आज नाही जमलं तर कूलर तिथेच आहे, मी तो दुरुस्त करणार नाही.

उमामा, दिवे घालव. अनुष्का, सरांच्या शेजारची ती खुर्ची रिकामी कर, मी खाली येतोय. नको, तिथे नको, आणखी जवळ घे. चिकटून.

इसहाक, तीन गुरुवार मी बटण लवकर दाबलं. पडदा काळा झाला म्हणून मला वाटलं, संपला. धक्क्यावर संपत नाही रे तो पिक्चर. गेलेला तो परत येतो.